वेळापत्रक आणि वस्तीची गाडी

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

अकरावीचं वेळापत्रक आज पुन्हा खोडलं. यंदा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन, त्यामुळे अकरावी सुरू व्हायलाच ११ ऑगस्ट उजाडला. पुढच्या बुधवारी तर चतुर्थी. पोरं बाकावर नीट टेकायच्या आत गौरी-गणपतीची सुट्टी. आणि या सगळ्यात भर म्हणून दहावीतली एक मुलगी मला म्हणते, "मॅडम, मी अकरावीच्या गणिताला बसू?"

बसू म्हणणाऱ्या पोराला नाही म्हणायला माझ्या जिवावर येतं. हिने उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरता भरता दहावीचं बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पुस्तकं संपवलीत. नुसती वाचून नव्हे, सोडवून. जूनमध्ये तिने मला एक पान आणून दाखवलं होतं, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेलं. कुठल्याही संख्येच्या घनातून ती संख्या वजा केली की उत्तराला ६ ने भाग जातोच, हे तिला आकडे घालघालून दिसलं होतं. का जातो ते खाली तिच्याच अक्षरात: ते उत्तर म्हणजे लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार, तिघांत एक तरी सम आणि एक तिनाच्या पाढ्यातली असणारच. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणे, "कोणी नाय."

आमच्याकडे हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेज एकाच आवारात. कॉलेज सकाळी साडेसातला, हायस्कूल अकराला. कागदावर बघितलं तर अडचण काहीच नाही, सकाळी इकडे बसायचं आणि अकराला तिकडे जायचं. पण दहावीचे जादा तास नऊ ते पावणेअकरा असतात आणि माझा अकरावीचा गणिताचा तास सव्वानऊला, नेमका त्यांच्या डोक्यावर.

हायस्कूलच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या चहा पुढे करून म्हणाल्या, "एकीला जादा तासातून सोडलं की उद्या दहा जणी मागतील. आणि तिची पंचाहत्तर टक्के हजेरी बोर्डाला मी दाखवायची." पंचाहत्तर टक्क्यांची अट शाळेच्या हजेरीला आहे, जादा तास हजेरीपटावर नसतातच. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. चहा घेतला आणि उठले.

केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, तुमचा पहिला तास मला द्याल का? लॅब एकच, बॅचेस दोन, त्यांचं प्रॅक्टिकल जोडतासाचं. एक तास हलवला की फिजिक्स, बायोलॉजी सगळंच हलतं. आठवड्यातून दोन दिवसांचं मात्र बघतो म्हणाले.

बुधवार, २० ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही. स्टाफरूमच्या खिडकीतून पाणी आत येतंय, वेळापत्रकाचा तक्ता भिंतीवरून काढून कपाटावर ठेवलाय.

आज तिची आई आली होती. शाळेत येताना नेसायची ठेवणीतली साडी, पायात पावसाळी चप्पल. मी आपली तासांचं गणित समजावून सांगते आहे, आणि त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मॅडम, धाडूक माझी ना नाय. पण पयली गाडी चुकली तर ता चलत येतला, आणि वाटेर रान किती वाढला हा, तुमका म्हायत आसा."

खरं वेळापत्रक एसटीचं. त्यांच्या वाडीत रात्री वस्तीची गाडी येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, आणि सकाळी सव्वासहाला तीच परत निघते. शाळेच्या फाट्यावर सात-सव्वासातला पोचते. त्यानंतरची गाडी फाट्यावर पावणेनवाला, जादा तासाची पोरं तिनेच येतात. मधे काही नाही. पासाचा प्रश्न नाही, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटी फुकट आहे. प्रश्न दिवसाच्या लांबीचा आहे. वस्तीच्या गाडीने येऊन पाचला शाळा सुटल्यावर परत जायचं तर पोरगी अंधारात निघते आणि दिवेलागणीला घरी टेकते. डबा किती वाजता खायचा? घरी जाऊन अभ्यास कधी करायचा? हुशार पोराचं वेळापत्रक लावताना ही गोष्ट कोणीच विचारत नाही. पाचवी-आठवीची स्कॉलरशिप, नववीत बालवैज्ञानिक, दहावीत जादा तास, वर ऑलिंपियाड. जे जे दिसेल ते हुशार पोराच्या अंगावर टाकायचं आणि वर म्हणायचं, त्याला काय, ते करतंय की.

म्हणून आज मुळात जाऊन बसले. हिला अकरावीच्या वर्गातून हवंय काय? अकरावीचं अख्खं गणित पुढच्या वर्षी येणारच आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागातले निश्चयक, शंकूछेद यांची तिला आत्ता घाई नाही. तिला बसायचंय आयओक्यूएमला, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला. ७ सप्टेंबरचा रविवार, तीन तास, तीस प्रश्न, शंभर गुण. पर्याय दिलेले नसतात, प्रत्येक उत्तर दोन अंकी पूर्णांकात भरायचं. त्यात कॅल्क्युलस येत नाही. संख्यांचे गुणधर्म, भूमिती, बीजगणित आणि मोजणी हे येतं. पहिली तीन ती स्वतः रेटते आहे. मोजणीत मात्र अडते, कारण तिथे पुस्तक वाचून आपण चुकलो कुठे ते कळत नाही. एकच गोष्ट दोनदा मोजली गेली, हे दुसऱ्या कोणीतरी दाखवावं लागतं.

याचाच नमुना आज तिने आणला. वाडीत सहा घरांत गणपती, आरतीला मंडळी घरोघरी फिरतात. क्रम किती प्रकारे लागेल? ७२०. हे तिला आलं. मानाचं घर पहिलं ठरलेलं असेल तर १२०. तेही आलं. मग तिचाच प्रश्न: दोन भावांची घरं आहेत, त्यांचं बोलणं नाही, त्यांच्या आरत्या लागोपाठ नकोत. तर किती? दोन पानं भरून तिने एकेक जागा धरून मोजलं आणि उत्तर चुकलं. मी म्हटलं, भांडण सोडव आधी. दोघांना एकत्र बांध. मिनिटभर वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, दोघं चिकटून येतात ते मोजायचं आणि ७२० मधून काढायचं. चिकटलेले २४०, उरले ४८०. हे व्हायला समोर माणूस लागतो. बाकी पुष्कळसं तिचं घरी होतं.

या हिशोबाने बघितलं तर मागणी एकदम लहान होते. अख्खा वर्ग नको, आठवड्याचे दोन तास आणि तीन प्रकरणं पुरे: क्रमचय-संचय (म्हणजे हीच मोजणी), गणिती विगमन आणि द्विपद प्रमेय, आणि वेळ उरला तर श्रेढी. ही सगळी अकरावीच्या दुसऱ्या भागात आहेत, रीतसर गेले तर दिवाळीनंतर येतील. पण दोन्ही भाग मलाच शिकवायचे, क्रम माझ्या हातात. अकरावीच्या पोरांना त्रिकोणमितीआधी मोजणी शिकवली म्हणून काही बिघडत नाही, उलट मराठी माध्यमातून इंग्रजी पुस्तकावर आलेल्यांना सुरुवातीला ते सोपं जातं.

तासाची वेळ हलत नाही म्हणून सगळे हातावर हात ठेवून बसतात. प्रकरणं हलवायचं फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

ठरलं. मंगळवार आणि शुक्रवार गणित पहिल्या तासाला, साडेसातला. केमिस्ट्रीचे सर तेवढे दोन दिवस माझ्या सव्वानऊच्या जागी जातील. त्या दोन दिवशी ती वस्तीच्या गाडीने येणार, बाकीचे दिवस नेहमीच्या गाडीने.

मोठ्या बाईंना जादा तासाचं वेगळं सांगितलं. भूमितीचा जादा तास ती एकही चुकवणार नाही, कारण सिद्धतेला पायरीपायरीचे गुण असतात आणि हिची पायऱ्या गाळायची सवय वाईट आहे. बीजगणिताच्या जादा तासाला तिने मागच्या बाकावर आपली वही काढून बसायचं. गैरहजर नाही, म्हणजे उद्या दहा जणींचा प्रश्न नाही. बीजगणिताच्या सरांना थोडं लागलं. "म्हणजे माझ्या तासाला शिकण्यासारखं काही नाही?" मी म्हटलं, सर, चाळीस गुणांचा पेपर ती आत्ता लिहील, तुम्हीच घेऊन बघा. घेतला त्यांनी, काल. आज स्वतःहून म्हणाले, तिला मागे नको, फळ्याजवळ बसवतो, दोन पोरांना समजावेल. याला मी नाही म्हटलं. ती तिथे शिकवायला येत नाही. तिला तेवढा वेळ तिचा राहू दे.

पहिला तास सव्वाआठला सुटतो आणि जादा तास नऊला. मधल्या पाऊण तासात काही घेऊया का, असं इंग्रजीच्या मॅडमनी प्रेमाने विचारलं. काही नको. त्या वेळात डबा खायचा.

गेल्या वर्षीच्या बारावीतल्या मुलाची आठवण झाली. प्रॅक्टिकल २४ जानेवारी ते १० फेब्रुवारी, आणि जेईईचा पहिला टप्पा २२ जानेवारीपासून. त्याचा जेईईचा दिवस नेमका कुठला ते परीक्षा जवळ येईपर्यंत कळेना. बाहेरचे परीक्षक ठरलेले, बॅच ठरलेली. शेवटी त्याची बॅच बदलून घेतली आणि तो फोंडा घाटातून कोल्हापूरला पेपरला गेला. बॅच बदलता आली नसती तर आउट ऑफ टर्न, म्हणजे मागाहून द्यायचं प्रॅक्टिकल होतंच, पण लेखी पेपर झाल्यावर पुन्हा ती टांगती तलवार कोणाला हवी? त्यापेक्षा ही गाठ फार सैल आहे.

आणि २०२४ ची आयओक्यूएम तर ८ सप्टेंबरला होती, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. कोकणातल्या घरात दीड दिवसाचा गणपती पोचवायच्या दिवशी पोराला परीक्षेला पाठवा म्हणून सांगून बघा! यंदा अनंत चतुर्दशी ६ ला, पेपर ७ ला. वर्षभराने जमून आलंय.

तिच्या आईला आज फोन केला. मंगळवार-शुक्रवार म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, संध्याकाळची गाडी कोणती. नेहमीचीच म्हटलं. मग म्हणाल्या, "मगे काय प्रश्न नाय." त्यांच्याकडे सात दिवसांचा गणपती, सुट्टीत पोरीला दळण-निवडण असणारच. मोजणीची वीस उदाहरणं लिहून दिलीत, होतील तेवढी कर म्हटलंय.

केमिस्ट्रीच्या सरांना त्यांचे दोन तास दिवाळीनंतर परत हवेत. तोपर्यंत आयओक्यूएमचा निकाल लागलेला असेल. निवड झाली तर नोव्हेंबरात आरएमओ, ऑलिंपियाडची पुढची पायरी, आणि ती सगळी सिद्धतांची परीक्षा. तेव्हा सरांशी पुन्हा बोलावं लागेल. नाही झाली तर तास आपोआप त्यांचे.