साथीदारांचा माग काढत

माझ्या भाच्याने मला मागे जॅझची एक यादी पाठवली होती. न्यू ऑर्लिन्सपासून सुरुवात, मग लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, चार्ली पार्कर, सगळं सनावळीने. शाळेत इतिहासाचा पोर्शन असायचा तसं. दोन-चार गाणी ऐकली, छान वाटली, आणि यादी व्हॉट्सॲपमध्ये खाली खाली गेली. माझी खरी सुरुवात झाली ती माहीमच्या एका माणसामुळे.

१५ डिसेंबर २०२४ ला तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, गेले. त्यानंतर मुलुंड ते सीएसएमटी जाता-येता मी फक्त त्यांनाच ऐकत होते. मी स्वतः लहानपणी तबला शिकलेली, गांधर्वच्या मध्यमापर्यंत. मग दहावी आली आणि जोडी माळ्यावर गेली. त्यामुळे त्यांचे सोलो, सतारीबरोबरची साथ हे ओळखीचं होतं. ‘शक्ती’ ही त्यांची मंडळी मात्र नावापुरतीच माहीत. तिची १९७६ सालची पहिली रेकॉर्ड लावली. पहिलाच तुकडा अठरा मिनिटांचा. एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम, झाकीरभाई, आणि या तिघांच्या मध्ये हा कोण गोरा गिटारवाला, जो तिहाईवर बरोब्बर समेला येतोय?

जॉन मॅक्लॉफ्लिन. त्याने शक्तीसाठी एक खास गिटार करून घेतली होती. नेहमीच्या तारांखाली तिरक्या बसवलेल्या जादा तारा, म्हणजे आपल्या तरफाच. शिवाय पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, मींड घेता यावी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यावं म्हणून. हे वाचलं आणि मी ठरवलं, आता यादी नको. हा माणूस धरायचा आणि तो आधी कुणाकडे वाजवत होता ते बघायचं.

शक्तीच्या आधी त्याची महाविष्णू ऑर्केस्ट्रा. हे संगीत सकाळच्या फास्ट लोकलमध्येच ऐकावं असं माझं स्पष्ट मत आहे. घरी ते फार अंगावर येतं. गाडीच्या खडखडाटात त्याला त्याच्या तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो. ‘बर्ड्स ऑफ फायर’ या १९७३ च्या रेकॉर्डचं पहिलं गाणं अठरा मात्रांत आहे. भांडुपला मोजायला घेतलं ते घाटकोपर गेलं तरी बोटं पेरांवरून हलेनात. बिली कॉबहॅमचा ड्रम काही आपल्यासारखा सम दाखवत नाही, ती तुमची तुम्ही शोधायची.

त्याच्याही मागे गेले तेव्हा सापडली ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘इन अ सायलेंट वे’. फेब्रुवारी १९६९, न्यूयॉर्क. मॅक्लॉफ्लिन नुकताच इंग्लंडहून अमेरिकेत आलेला, आणि थेट माइल्सच्या रेकॉर्डिंगला. तो स्वतः सांगतो, की माइल्सने त्याला सांगितलं, गिटार वाजवता येत नाही असं समजून वाजव. आपल्याकडे एखाद्या बुवांनी विशारद झालेल्या शिष्याला असं सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी क्लास बदलेल! पण ऐकून बघा: गिटार खरंच चाचपडत, एकेक सूर जपून ठेवत येते.

आणि त्या खोलीत आणखी कोण होतं बघा. कीबोर्डवर तिघे: हर्बी हँकॉक, चिक कोरिया, जो झाविनुल. सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर. ड्रमवर टोनी विल्यम्स. पुढच्या चार-पाच वर्षांत झाविनुल आणि शॉर्टरने ‘वेदर रिपोर्ट’ नावाचा बँड काढला, कोरियाने ‘रिटर्न टू फॉरएव्हर’, हँकॉकने ‘हेड हंटर्स’, आणि मॅक्लॉफ्लिनने महाविष्णू. फ्युजनची, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिसळीची, ही एवढी घराणी एका गुरूच्या एका बैठकीतून निघाली. हे एकदा कळलं की दुकानभर पसरलेली नावं आपोआप जागच्या जागी बसतात. (त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली माइल्सची ‘बिचेस ब्रू’ मी एका रविवारी घरी लावली. आई आतून म्हणाली, “वाद्यं जुळवून झाली की सांग गं, मग येते बाहेर.” मी तिच्या बाजूने आहे. अजून तरी.)

माइल्सच्या आणखी मागे, १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’. प्रत्येक यादीत ही पहिल्या पाचात असते, भाच्याच्याही होती, पण माझ्याकडे ती या उलट्या वाटेने आली म्हणून ऐकू आली असं मला वाटतं. पहिलं गाणं ‘सो व्हॉट’. डबल बेस, म्हणजे ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य, प्रश्न विचारतो, बाकीचे दोन स्वरसंघांत उत्तर देतात. सूर ओळखीचे वाटले म्हणून पेटी काढून बसले. पांढरी दोनचा सा धरला की सरळ काफी थाट! सोळा बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) तसं चालतं, आणि मग अख्खा सा उचलून काळी दोनवर जातो. आठ बार तिथे, पुन्हा आठ बार खाली. ज्याच्या कानात तानपुरा पक्का बसलाय त्याला हा धक्काच आहे. आपल्याकडे राग बदलेल, थाट बदलेल, रागमालाही होईल, पण मैफिलीच्या मध्यात सा हलत नाही. मला सुरुवातीला त्या वळणावर पायाखालची फरशी सरकल्यासारखं व्हायचं. आता मी त्या वळणाची वाट बघते.

भाचा तेव्हा घरी आला होता. तो कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. म्हणाला, “मावशी, तू सारखी ड्रमच्या मागे धावतेस. बेस धर. आवर्तन त्याच्या हातात आहे.” पॉल चेंबर्सचा बेस धरून ऐकलं आणि बत्तीस बारचं आवर्तन हातात आलं. लोकलमध्ये मात्र हे जमत नाही, बेस सगळा रुळांच्या आवाजात जातो. म्हणून काइंड ऑफ ब्लू रात्री, ओटा आवरून झाल्यावर.

त्याच रेकॉर्डवरचा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन. त्याचं ‘जायंट स्टेप्स’ मला झेपत नाही. सा इतक्या भराभर बदलतो की धरायला काहीच उरत नाही. पण १९६४ च्या डिसेंबरात वाजवलेलं ‘अ लव्ह सुप्रीम’ वेगळं. चार सुरांची एक ओळ, आणि ती ओळ तो बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना तो सॅक्सोफोनवर अक्षर-अक्षर वाजवतो. शब्द मनात, सूर तोंडात. भजनाच्या घरात वाढलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

तबला शिकलेल्यांसाठी एक सोपा दरवाजा सांगते: डेव्ह ब्रूबेकच्या चमूचं ‘टेक फाइव्ह’. पाच मात्रा, तीन-दोन अशा. ड्रमचा सोलो सुरू झाला की ब्रूबेक पियानोवर एकच छोटी ओळ फिरवत राहतो आणि जो मोरेलो तिच्यावर मोकळा खेळतो. हा लेहरा नाही तर काय? ब्रूबेक १९५८ च्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेला होता आणि ही रेकॉर्ड पुढच्या वर्षीची. त्याने हे इथून उचललं असं मी म्हणणार नाही. लेहरा देणाऱ्याचं काम कुठेही तेवढंच कंटाळवाणं आणि तेवढंच महत्त्वाचं, एवढं नक्की.

मुंबईत जॅझ ऐकायला माणसं पूर्वीपासून येत-जात होती. माझं ऑफिस धोबीतलावला, रंगभवन तिथून चालत पाच मिनिटं. तिथे, निरंजन झवेरींनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या ‘जॅझ यात्रे’त, सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला. आमचे एक निवृत्त साहेब तेव्हा झेवियर्सला होते. रॉलिन्सचं नाव काढलं की त्यांचा चहा गार होतो, आणि समोरच्याचाही.

पण सगळ्यात मोठं आश्चर्य मॅक्लॉफ्लिननेच दिलं. त्याच्या नंतरच्या त्रिकुटात तालवाद्यावर त्रिलोक गुर्टू. आडनाव बघून थबकले. मुंबईचा मुलगा, शोभाताई गुर्टूंचा! बाबांकडे शोभाताईंच्या ठुमरीच्या कॅसेटी होत्या, आमच्या घरी रविवारी दुपारी त्याच लागायच्या. त्रिलोकच्या १९८८ च्या ‘उस्फ्रेट’वर त्या स्वतः गायल्या आहेत. आईला काही न सांगता लावलं. ड्रमच्या गदारोळात तिने दुसऱ्या मिनिटाला आवाज ओळखला आणि विचारलं, “ह्या इथे कशा?” मग पूर्ण रेकॉर्ड बसून ऐकली, वर “मुलगा चांगला वाजवतो” असं प्रशस्तिपत्रकही दिलं.

सध्या टोनी विल्यम्सला धरलंय. हा सतराव्या वर्षी माइल्सकडे ड्रमवर रुजू झाला. त्याचा झांजेवरचा हात ऐकताना मी बेसबिस सगळं विसरते. भाच्याचा आग्रह, की आधी वेदर रिपोर्टचा जॅको पॅस्टोरियस ऐक, १९७७ ची ‘हेवी वेदर’ लाव. बेसवाला तो, दुसरं काय सांगणार? जॅको ऐकेन, पण पाळी आल्यावर.