साठा सापडला म्हणजे खाण सापडली नव्हे

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी देशभर फिरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला. त्यांचा आकडा होता ५२,८०६ टन सोनंमिश्रित दगड, ग्रेड टनाला ३.०३ ग्रॅम. गुणाकार केला की येतं साधारण १६० किलो. दगडाचं टनेज आणि धातूचं वजन यांत इतकं अंतर असतं, आणि आपल्याकडची खनिजांची निम्मी चर्चा याच गोंधळावर उभी असते.

दुसरा गोंधळ टप्प्यांचा. भारतात एक्सप्लोरेशनचे चार टप्पे मानतात. जी-४ म्हणजे टेहळणी : नकाशा, माती-दगडांचे नमुने, भूभौतिक मोजणी, जमलं तर एखाद-दुसरं बोअर. जी-३ म्हणजे विरळ बोअर घेऊन बांधलेला अंदाज. जी-२ मध्ये बोअरची जाळी घट्ट होते आणि जी-१ मध्ये खाणीचा आराखडा आखता येईल इतकी. यानंतरही तो 'रिसोर्स'च असतो. काढायला परवडतं हे सिद्ध झालं तरच त्याला 'रिझर्व्ह' म्हणतात. मराठी बातम्यांत दोन्हींना 'साठा' हा एकच शब्द वापरतात, तिथेच घोळ होतो. जम्मूतल्या रियासीचं ५९ लाख टन लिथियमचं खनिज (धातू नव्हे) फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालं ते जी-३ पातळीवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ब्लॉक लिलावात काढला, पण किमान तीन पात्र बोलीदार मिळाले नाहीत. याचं आश्चर्य वाटायला नको. पेग्मटाइट या मोठ्या स्फटिकांच्या कठीण दगडातलं लिथियम वेगळं काढण्याची पद्धत रुळलेली आहे. रियासीसारखं चिकणमातीतलं लिथियम परवडेल अशा खर्चात निघतं की नाही, हे त्या मातीवर चाचण्या करूनच ठरतं. त्या चाचण्यांच्या निकालाशिवाय बोली लावणं म्हणजे जुगार.

जी-३ वरून जी-१ वर जायचं म्हणजे बोअर मारायचे, आणि खर्चही तिथेच होतो. हिऱ्याच्या बिटने दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, बाहेर काढतात. नेहमीचा एनक्यू मापाचा कोअर ४७.६ मिलिमीटर व्यासाचा, एचक्यू ६३.५ चा. दगडाची घनता २.७ धरली तर एक मीटर एनक्यू कोअर भरतो पावणेपाच किलोच्या आसपास. तो उभा कापून अर्धा बॉक्समध्ये ठेवायचा, अर्धा, म्हणजे सुमारे २.४ किलो, प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे तो दोन मिलिमीटरपर्यंत फोडतात, त्यातला भाग घेऊन ७५ मायक्रॉनपर्यंत दळतात आणि सोन्याच्या फायर असेसाठी, म्हणजे भट्टीत वितळवून करायच्या चाचणीसाठी, शेवटी ३० किंवा ५० ग्रॅम पूड मुशीत जाते. त्या चिमटीवरून एका मीटरचा ग्रेड ठरतो आणि त्या मीटरवरून आजूबाजूच्या हजारो टनांचा. सोन्याचा एखादा जाड कण त्या चिमटीत आला तर ग्रेड गगनाला भिडतो, निसटला तर शिरा कोरडी दिसते. म्हणून जाड सोनं असेल तिथे किलोभर नमुना साधारण १०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढून वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा तपासतात.

आता चुका. पहिली कोअर रिकव्हरीची. तीन मीटरच्या रनमध्ये, म्हणजे एका खेपेच्या बोअरमध्ये, २.१ मीटर कोअर हाती आला तर रिकव्हरी ७० टक्के. हरवलेले ९० सेंटिमीटर कोणते? बहुधा भुसभुशीत, धुऊन गेलेला भाग, आणि मँगनीज किंवा लॅटराइटमध्ये (जांभ्या दगडात) माल नेमका तिथेच असू शकतो. यावर उपाय म्हणजे रन मीटर-दीड मीटरचे ठेवायचे, पाण्याचा दाब कमी करायचा, कोअर सांभाळणारी ट्रिपल ट्यूब, म्हणजे तिहेरी नळी, वापरायची. मीटरप्रमाणे पैसे मिळणारा ड्रिलर हे आपणहून करत नाही; कंत्राटात रिकव्हरीची किमान अट लिहावी लागते.

दुसरी चूक जाडीची. शिरेला ४५ अंशात छेदणाऱ्या बोअरमध्ये दहा मीटर माल दिसला तर खरी जाडी सात मीटर. अहवालात दहा आणि टनेज काढतानाही दहाच धरले, तर ४० टक्के माल कागदावरच तयार होतो.

तिसरी घनतेची, आणि ही सगळ्यात दुर्लक्षित. कठीण हेमटाइटची घनता साडेचारच्या वर जाते, त्याच टेकडीतल्या निळसर भुकटीची, ब्लू डस्टची, पुष्कळ कमी. दोघांना एकच आकडा लावला की टनेज फुगतं. सच्छिद्र तुकड्यावर मेणाचा थर देऊन तो हवेत आणि पाण्यात तोलणं हे दहा मिनिटांचं काम, पण केलेलं क्वचित दिसतं. दर वीस नमुन्यांमागे एक माहीत असलेल्या ग्रेडचा, एक कोरा (धातू नसलेला) आणि एक दुबार नमुना प्रयोगशाळेला न सांगता घुसवायचा, हा नियमही असाच कागदावर राहतो.

कायद्याची बाजू तितकीच अडचणीची. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावाने, पन्नास वर्षांसाठी द्यायचे ठरले. बोली लागते विकलेल्या खनिजाच्या किमतीच्या टक्केवारीत. किमतीचा आधार नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेला सरासरी विक्री दर. ओडिशात २०२० च्या लिलावांत लोहखनिजाला शंभर टक्क्यांहून जास्त बोली लागल्या. हिशेब करून पाहा. सरासरी दर १०० रुपये धरू. रॉयल्टी १५ टक्के म्हणजे १५ रुपये, जिल्हा खनिज निधी रॉयल्टीच्या १० टक्के म्हणजे दीड रुपया, एक्सप्लोरेशन ट्रस्टला तेव्हाच्या दराने रॉयल्टीच्या २ टक्के म्हणजे ३० पैसे. बोली ११० टक्क्यांची असेल तर सरकारला जातात १२६ रुपये ८० पैसे, आणि अजून कुदळ लागलेली नाही. स्वतःचा पोलाद कारखाना असणाऱ्यालाच असं परवडतं, कारण त्याला माल विकायचा नसतो, भट्टी चालू ठेवायची असते. फक्त खाण चालवून पोट भरणारा यात टिकत नाही.

बोली जिंकल्यावरही हाती येतं ते फक्त इरादापत्र. मग खाण आराखडा, पर्यावरण मंजुरी, वनजमीन असेल तर दोन टप्प्यांची वनमंजुरी, वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेचा ठराव, जमीनमालकांशी बोलणी. देशातला बहुतेक धातू जंगलाखाली आणि आदिवासी गावांखाली आहे, त्यामुळे ग्रामसभेला शेवटची औपचारिकता समजणारा तिथेच अडकतो, आणि अडकायलाच हवा.

लोखंड, बॉक्साइट, मँगनीज डोळ्यांना दिसतात, म्हणून आपल्या खाणी मुख्यतः त्यांच्याच. तांबं, जस्त, सोनं, निकेल खोलवर असतं. तांब्यासाठी मध्य प्रदेशात मलाजखंडला उघडी खाण भूमिगत करावी लागली, राजस्थानात रामपुरा आगुचाला जस्ताच्या बाबतीत तेच झालं. तांब्याचं गणितही पाहा : एक टक्का ग्रेडचा टनभर दगड, ९० टक्के रिकव्हरी, हाती नऊ किलो तांबं, २५ टक्के तांब्याचं कॉन्संट्रेट, म्हणजे समृद्ध पूड, केलं तर ३६ किलो. उरलेली ९६४ किलो पूड पाण्यासकट टेलिंग धरणात सांभाळायची, खाण बंद झाल्यावरही. महाराष्ट्रात तर बहुतेक भागावर डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट पसरलेला. त्याखालच्या जुन्या खडकात काय आहे हे वरून कळत नाही. नागपूर-भंडाऱ्याचा मँगनीज पट्टा दिसतो तो तिथे बेसॉल्ट नाही म्हणून.

असं खोलवरचं शोधायला जोखीम घेणारा माणूस लागतो. २०१५ च्या व्यवस्थेत त्याला काय मिळालं? खासगी कंपनीला टेहळणी परवाना घेता येत होता, पण शोध लागला तरी हक्क शून्य. २०२३ च्या दुरुस्तीने २९ खनिजांसाठी एक्सप्लोरेशन लायसन्स आणलं. यात एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र मिळतं, पाच वर्षं आणि वर दोन वर्षांची मुदतवाढ, पण तीन वर्षांनंतर त्यातलं पंचवीस टक्केच ठेवता येतं. बोली उलटी लागते : भविष्यातल्या खाणमालकाच्या प्रीमियममधला, म्हणजे त्याने लिलावात कबूल केलेल्या टक्केवारीतला, सर्वांत कमी वाटा मागेल त्याला लायसन्स. म्हणजे शोधणाऱ्याने आज पदरचे पैसे घालून बोअर मारायचे, शोध लागला तर सरकारने तो पट्टा लिलावात काढायचा, कुणीतरी तो जिंकायचा, सगळ्या मंजुऱ्या मिळवायच्या, आणि पहिला ट्रक खाणीबाहेर पडला की याचा वाटा सुरू.