आमची वाटचाल : मॉडेमला दोष देऊ नका

२००५च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, सुरू झालं आणि ते सांगलीपर्यंत पोचल्यावर आमचा नेट जोडून-दुरुस्त करून द्यायचा धंदा खरा उभा राहिला. २५६ केबीपीएस म्हणजे तेव्हा चैन होती. त्याआधी डायलअप जोडून द्यायचो, पण नेट चालू की फोन एंगेज, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या आम्हाला.

सोबत एक निवृत्त लाइनमन होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. क्रोन टूलच्या (फोनची तार खाचेत ठोकून बसवायचं हत्यार) आवाजावरून तार नीट बसली की नाही ते सांगायचे. खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरला मधेच जोड दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. राउटर माझ्याकडे : व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे लायनीचे ठरलेले आकडे भरायचे, ब्रिज मोड काढून पीपीपीओई लावायचं, म्हणजे लॉगिन राउटरच करणार, कॉम्प्युटरवरून रोज डायल करायची कटकट नको.

मग समोर चकाचक दुकान आलं. नाव घेत नाही. आम्ही तयार केलेला पोरगा त्यांनी जास्त पगार देऊन नेला, पतसंस्थांची वार्षिक मेंटेनन्सची कामं निम्म्या दरात उचलली. नेट तुटतंय? मॉडेम बदला! त्यांचं औषध एकच. इकडे आमचं भाडं थकलं, दोन गाळ्यांचा एक झाला, मामांच्या पगारासाठी बायकोची आरडी मोडली.

गावभागातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून लागोपाठ दोन मॉडेम घेतले होते. तरी फोनची रिंग वाजली की नेट गायब. मामा मॉडेमकडे फिरकलेच नाहीत. भिंतीवरची वायर चाचपत थेट देवघरामागे गेले. तिथं सासूबाईंसाठी काढलेला पॅरलल फोन, स्प्लिटरच्या (फोन आणि नेट वेगळं करणारी फिल्टरची डबी) आधीच जोडलेला! बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली, डेटा त्याच्या बराच वर. फिल्टर नसला की दोन्ही एकमेकांत घुसतात. बाहेरून आलेली तार आधी स्प्लिटरमध्ये घेतली, सगळे फोन त्याच्या पुढे. राउटरच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे त्याचं माप) ६ डेसिबलच्याही खाली होतं, ते दुपटीवर गेलं.

“मामा, आता हे दोन मॉडेम कुठं घालू?” बाईंनी विचारलं. पुढं त्यांनी ओळखीचे निम्मे दवाखाने आमच्याकडे पाठवले. त्या वर्षी तरलो ते त्यांच्यामुळेच.

नंतरची वर्षं बरी गेली. आता फायबर ओढतो. समोर मोबाईलची कव्हरं विकतात, पण त्या पतसंस्था काही परत आल्या नाहीत.

अजून तांब्याच्या लायनीवर असाल तर वळवाच्या पावसात नुसता प्लग काढून भागत नाही, फोनची वायरही काढा. वीज तिकडूनही येते. ऐकत कोणी नाही, मग जळका राउटर पिशवीत घालून येतात आणि वॉरंटी विचारतात.