वाकतं, मग टिकत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. इलेक्ट्रॉनिक त्वचेचा, म्हणजे अंगावर चिकटवायच्या पातळ, लवचिक सर्किटच्या पट्टीचा, विषय निघाला की हेच ऐकायला मिळतं: "पट्टी बोटाभोवती गुंडाळून दाखवता, मग मनगटावर आठवडाभर का चालत नाही?"

गुंडाळणं सोपं आहे हो. वाकवताना पृष्ठभाग किती ताणला जातो? जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. 100 मायक्रॉनची फिल्म 1 मिमी त्रिज्येत 5 टक्के ताणली जाते, 2 मायक्रॉनची फक्त 0.1 टक्का. टोकियो विद्यापीठातले संशोधक ताकाओ सोमेया यांच्या गटाचं 2013 चं 1 मायक्रॉन फिल्मवरचं सर्किट याच हिशोबावर उभं होतं. पण सांध्यावरची कातडी 30 टक्क्यांपर्यंत ताणली जाते. तिथे नुसता पातळपणा पुरत नाही.

पट्टीतला वीज वाहणारा एकच थर बघा. पेडॉट-पीएसएस या वीजवाहक प्लॅस्टिकच्या निळ्या द्रावणात 5 टक्के डीएमएसओ (वाहकता वाढवणारा द्रावक) आणि 1 टक्का जीओपीएस (थर घट्ट धरून ठेवणारं रसायन) घाला, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, पीडीएमएसवर, म्हणजे सिलिकॉन रबरावर, ओता. अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होतं! म्हणून आधी ऑक्सिजन प्लाझ्मा मारायचा, म्हणजे पृष्ठभाग पाणी धरतो. त्याचा परिणाम काही तासांत उतरतो, तेव्हा लगेच स्पिन करा, म्हणजे गरगर फिरवून पातळ थर पसरवा. द्रावणात थोडा सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) घातलात तर थर नीट पसरतो. मग 140 अंशांवर तासभर बेक. मीटर वाहकतेचा छान आकडा दाखवतो. आता ताणा. 5 टक्क्यांच्या आसपास विजेचा रोध चढू लागतो, मायक्रोस्कोपखाली ओढीला आडव्या भेगा दिसतात. सोडलं की भेगा मिटतात, रोधही बराचसा उतरतो, आणि वाटतं काही झालंच नाही. खरी फसगत इथे होते: भेगा मिटल्या तरी गेलेल्या नसतात. एकदाच ताणून काढलेल्या आलेखावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

वर घाम. पेडॉट-पीएसएसमधलं पीएसएस पाणी शोषतं, थर फुगून कडेने सुटतो. जीओपीएस वाढवा, सुटणं थांबेल, वाहकता पडेल.

2017 मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओंच्या गटाने आयनिक (मिठासारखी विद्युतभारित) मिश्रकं घालून पेडॉट-पीएसएसची हीच फिल्म दुप्पट लांबीपर्यंत ताणली. तेव्हा मीही म्हणत होतो, सुटला प्रश्न. आज तसं म्हणवत नाही: त्यातली बरीच मिश्रकं पाण्यात विरघळणारी, आणि घाम म्हणजे पाणीच.

मग सील का करत नाही? पट्टीवर ओएलईडी, म्हणजे प्रकाश देणारा सेंद्रिय दिवा, असेल तर त्याला दिवसाला प्रति चौ.मी. 1 मायक्रोग्रॅमच्या आसपास बाष्प चालतं. कातडी घाम नसतानाही तेवढ्याच जागेतून दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर सोडते. ते कोंडलं की खाली खाज, पुरळ. वाट दिली की ओएलईडी काळी पडते. 2017 मध्येच टोकियोच्या गटाने केलेली सोन्याची सच्छिद्र जाळी आठवडाभर त्वचेवर दाह न होता राहिली, हे खरं. पण ती इलेक्ट्रोडची (नुसता विजेचा संपर्क देणारी) जाळी, ट्रान्झिस्टरची नव्हे.