उतरणार का?

जेवणं झाली, ओटा आवरला आणि इटालियनची वही उघडली. ऑक्टोबरात रोम आणि मग उंब्रियातली डोंगरगावं असा बेत आहे, तोही टूरशिवाय. टूरबरोबर जाणाऱ्याला एकच क्रियापद पुरतं, ‘आन्दियामो’, म्हणजे चला; आणि तेही टूरवालाच आपल्या वतीने म्हणतो. आपलं आपण फिरायचं तर जाणे, येणे, निघणे, पोचणे, चढणे, उतरणे एवढं तरी यायला हवं.

‘आन्दारे’ म्हणजे जाणे. पण मी जाते ते ‘वादो’, तो जातो ते ‘वा’, आणि सगळे मिळून निघालो की पुन्हा ‘आन्दियामो’. ओळखदेख नसलेली रूपं एका तक्त्यात कोंबलेली. पण ‘जातो’चं ‘गेला’ करणाऱ्यांनी हसू नये. बाहेर पडणे म्हणजे ‘उशीरे’. हे मात्र एका फटक्यात पाठ झालं. बाहेर पडणं आणि उशीर यांची ताटातूट आमच्या घरात तरी मी पाहिलेली नाही.

लाडकं क्रियापद ‘शेन्देरे’, उतरणे. तिकडे भरलेल्या बसमध्ये दाराकडे सरकताना पुढच्याला विचारतात, ‘स्कूझी, शेन्दे?’ माफ करा, उतरताय? उतरत नसाल तर बाजूला व्हा, हे त्यात न बोलता आलंच. वाचलं आणि परदेशाची निम्मी धास्ती गेली. लेडीज डब्यात कुर्ला गेलं की हेच सुरू होतं. ‘दादर उतरणार?’ मी पुढचीला विचारायचं, तिने तिच्या पुढचीला, आणि एखादी नुसतीच मान हलवणारी निघाली की तिच्या मागच्या सगळ्यांच्या पोटात गोळा. मी स्वतः दोन स्टेशनं आधी उठते. गाडी थांबल्यावर बॅग शोधणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

हे वडिलांकडून आलं असणार. मे महिन्यात एसटीने महाडला जायचो. पेण, नागोठणे, कोलाड इथवर वडील बरे असायचे. माणगाव आलं की पिशव्या मोजायला लागायचे. माणगाव ते महाड तब्बल पाऊण तासाचा रस्ता, आणि हे गृहस्थ एक पिशवी खांद्याला, एक मांडीवर आणि आंब्याच्या रोपाचा डबा दोन पायांत धरून खिडकीबाहेर बघत बसलेले. आई म्हणायची, ‘अहो, गाडी काय चालती सोडून देणार आहे का आपल्याला?’ वडील म्हणायचे, ‘सांगता येत नाही.’

असो. क्रियापदं. भूतकाळात ‘सोनो आन्दाता’ म्हणजे मी गेले, ‘सोनो आन्दातो’ म्हणजे मी गेलो. यात आपल्याला नवल कसलं? पण एक गंमत आहे. चालणं या पंगतीत बसत नाही. ‘ओ काम्मिनातो’, मी चालले किंवा चाललो, बाई असो की बुवा, रूप तेच. खाल्लं, प्यायलं, वाचलं यांच्या रांगेतलं. म्हणजे नुसतं चालणाऱ्याला गेलेला धरत नाहीत. आमच्या आजोबांना हे पटलं असतं. रात्री जेवल्यावर तुळशीपासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून तुळशीपर्यंत त्यांची शतपावली चालायची, आणि कुणी ‘कुठे निघालात?’ विचारलं तर त्यांना राग यायचा. इटलीत तर संध्याकाळी अख्खं गाव चौकात हेच करतं. नटूनथटून, हातात हात घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. त्याला ‘पास्सेज्जाता’ म्हणतात. पोचायचं कुणालाच कुठे नसतं.

‘मी गेले’च्या पद्धतीने चालणारी क्रियापदं लक्षात राहावीत म्हणून एक घर काढून शिकवतात. दारातून आत येणारा, बाहेर पडणारा, जिना चढणारा, उतरणारा. जन्मणारा आणि मरणारासुद्धा त्याच घरात. इथवर समजलं. पण कोपऱ्यात ‘रिमानेरे’ होतं. राहणे, मागे उरणे. जो हललाच नाही त्याला या धावपळीत कशाला घेतलं? पेन ठेवलं आणि नकाशा उघडला.

उंब्रियातल्या पेरुजा शहराच्या उत्तरेला मोन्तोने नावाचं गाव आहे. त्या भागात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले होते. ते एकटेच चौकीवर धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्याच कासिनो गावच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव आहे, आणि 2023 मध्ये मोन्तोनेत त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. ते माणगाव तालुक्यातले. आम्ही दर मे महिन्यात तिथून जायचो आणि पिशव्या मोजायचो.

बेतात मोन्तोने घातलं आहे. गाव टेकडीवर आहे, आणि ‘सालीरे’, चढणे, अजून कच्चं आहे. ते आधी घेते.