पांढरपौनीजवळ अडकलेली जिप्सी

मे महिन्यात आमच्या गॅरेजची कसोटी लागते. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर, पाणवठ्यावर वाघ हमखास दिसणार म्हणून पर्यटकांची गर्दी, आणि ताडोब्यातली प्रत्येक जिप्सी, म्हणजे मारुतीची उघडी सफारी गाडी, सकाळ-दुपार जुंपलेली. मोहर्लीच्या रस्त्यावर माझं जिप्सीचं काम चालतं. दुसरी गाडी आली तर परत पाठवत नाही, पण हात बसलाय तो जिप्सीवर. उन्हाळ्यात कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचं पेट्रोल नळीतच उकळतं, मग ड्रायव्हर इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून कशीबशी गाडी आणतात. पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तुटतात. ते पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला की मागचा अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. असल्या गाड्या दारात उभ्याच असतात.

त्या दिवशी दुपारची सफारी आत जाऊन बराच वेळ झाला होता. गेटवरून एक पोरगा मोटरसायकलवर धावत आला. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे निरोप वनरक्षकाच्या वायरलेसवरून गेटवर आणि गेटवरून माझ्याकडे आला होता.

"मिस्त्री, चला लवकर. पांढरपौनीकडं गाडी बसली. क्लच वायर तुटली म्हणते. अन् वाघीण पिल्लं घेऊन समोरच बसून आहे."

क्लच वायर बदलणं हे गॅरेजमध्ये चहा गार व्हायच्या आत होणारं काम. पण त्यासाठी गाडीतून खाली उतरावं लागतं, बॉनेट उघडावं लागतं, पेडलखाली डोकं घालून वायरीचं टोक अडकवावं लागतं. जंगलात पर्यटकांच्या गाडीतून कुणी जमिनीवर पाय ठेवत नाही, आणि पिल्लंवाली वाघीण वीस-पंचवीस पावलांवर असताना तर कुणीच नाही. दोर बांधून ओढायचं म्हटलं तरी दोर बांधायला कुणी तरी उतरलंच पाहिजे. त्यामुळे ती गाडी होती तिथंच अडकली होती, सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर यांच्यासकट.

वनखात्याची गाडी मला घ्यायला आली. पाने, पक्कड आणि नवी वायर पिशवीत टाकून मी निघालो.

कोणती गाडी आहे हे कळल्यावर मला जास्तच काळजी वाटली. ती गाडी मी नखशिखांत ओळखतो. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' आली, १२९८ सीसीच्या इंजिनाची, तिच्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी ती एक. इंजेक्शनवालं ८० हॉर्सपॉवरचं इंजिन २००० मध्ये आलं, ही त्याच्या आधीची कार्ब्युरेटरवाली. मालक इथलेच शेतकरी. सेकंडहँड गाडी उत्तरेतून आणली, कर्ज काढून. मागं उंच सीट बसवल्या, वरचं कापडी छत काढून टाकलं, आणि त्या गाडीवर दोन पोरी शिकवल्या. थोरली नर्स झाली. धाकटा पोरगा त्या हंगामात पहिल्यांदाच गाडी घेऊन आत जायला लागला होता, आणि स्टिअरिंगवर तोच होता.

बाहेरचे लोक मला नेहमी विचारतात, की एवढ्या नव्या दणकट गाड्या आल्या तरी तुम्ही जुन्या जिप्सीला का चिकटून आहात? माझं उत्तर एकच आहे. ही गाडी हलकी आहे आणि तिचा आवाज कमी आहे. उघड्या जिप्सीचं वजन टनाच्या आतच भरतं. पेट्रोल इंजिन असल्यामुळे डिझेल गाडीसारखी धडधड नाही. जंगलात वाघ आधी कानाला सापडतो. सांबराचा पुकार आला, वानर खोकलं, की ड्रायव्हर इंजिन बंद करून कान देतो. डिझेलच्या आवाजात तो पुकार निम्मा बुडून जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या गाडीत हात पोहोचत नाही अशी जागा नाही. शिडीसारखी चेसिस, चारही बाजूंना पाटे, सरळ धुरे, तारेनं ओढला जाणारा क्लच. बिघाड डोळ्यांनी दिसतो आणि पान्यानं निघतो.

हिची वंशावळ जपानची. होप मोटर नावाच्या छोट्या कंपनीनं साठच्या दशकात एक चिमुकली चारचाकी-ड्राइव्हची गाडी बनवली होती. ती कंपनीला पेलली नाही. सुझुकीच्या ओसामू सुझुकींनी तिचे हक्क घ्यायला लावले, आणि १९७० मध्ये पहिली जिम्नी बाहेर पडली, ३५९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची. एवढ्याशा इंजिनाची गाडी डोंगर चढते हे तेव्हा लोकांना खरं वाटत नसे. पुढं तिचंच मोठं भावंड एसजे-४१० आलं, आणि त्याचा चाक-अंतर वाढवलेला अवतार मारुतीनं १९८५ मध्ये जिप्सी म्हणून इथं आणला. ९७० सीसी, चार गिअर. लष्करानं घेतली, पोलिसांनी घेतली, हिमालयातल्या रॅलींत धावली. १९९३ मध्ये चाकांतलं आडवं अंतर वाढवलं, तेव्हा वळणावर तिचं डोलणं कमी झालं. अपघातसुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली. २०२३ पासून पाच दरवाजांची जिम्नी मिळते. चांगली गाडी आहे, पण तिला पत्र्याचं छत आहे, आणि सफारीला उघडी गाडी लागते. म्हणून आमच्याकडचे मालक आहे ती जिप्सी जपतात. पार्टसाठी दिल्लीच्या कश्मिरी गेटला फोन लावतात, लिलावात निघालेल्या लष्करी गाड्यांवर डोळा ठेवतात. गिअरबॉक्सच्या एका दातेरी चाकासाठी महिना थांबलेले मालक मी पाहिलेत.

गोंड राजांच्या काळचे दगडी खांब मागं टाकत आम्ही पोहोचलो. रस्त्यावर जिप्स्यांची रांग, पण चिटपाखराचा आवाज नाही. वाघीण रस्त्याच्या कडेला, बांबूच्या सावलीत आडवी पडलेली. दोन पिल्लं तिच्या पाठीमागं, त्यातलं एक आईच्या शेपटीशी खेळत होतं. तिला या गाड्यांची सवय होती. पण तिच्या सवयीत उघड्यावर चालणारा माणूस बसत नाही.

अंधाराच्या आत सगळ्या गाड्या गेटबाहेर जायला हव्या होत्या. वनरक्षकानं एक गाडी हळूहळू मागं घेत बंद गाडीला अगदी खेटून लावली, वाघिणीच्या विरुद्ध अंगाला. मधे वीतभर जागा. गाइडनं एकेका पर्यटकाला हात देऊन या गाडीतून त्या गाडीत घेतलं. एक आजीबाई होत्या. त्यांचा पाय उचलेना, तेव्हा दोघांनी त्यांना अलगद उचललं. त्या कुजबुजल्या, "बाळांनो, घाई करू नका." ती माणसं निघून गेल्यावर वनखात्याची गाडी तशीच खेटून लागली आणि मी पलीकडं गेलो. एक पाय इकडच्या पट्टीवर, एक तिकडच्या, आणि पिशवी छातीशी धरलेली. पोरगा स्टिअरिंगवरून सरकून शेजारच्या सीटवर बसला. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

पेडल दाबून पाहिलं. ते सरळ खाली गेलं, काहीच लागलं नाही.

वायर बदलायचा विचार मी वाटेतच सोडला होता. क्लच नसला तरी जिप्सी चालते, फक्त ती सुरू कशी करायची हे माहीत पाहिजे. मोठ्या गिअरच्या मागं तिचा एक छोटा दांडा असतो, तो लो मध्ये, म्हणजे जास्त ओढीच्या आणि कमी वेगाच्या जागी, टाकला. लोमध्ये चारही चाकं जोडली जातात, आणि डांबरी रस्त्यावर तसं चालवलं की वळणाला टायर घासतात. पण या गाडीचे पुढचे हब, म्हणजे पुढची चाकं धुऱ्याशी जोडणारे खटके, हातानं फिरवायचे, जुन्या पद्धतीचे, आणि ते मोकळेच होते. म्हणजे पुढची चाकं सुटी, जोर फक्त मागच्या चाकांना आणि तो लो गिअरचा. पहिला गिअर टाकला. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावला नाही. पोराला म्हटलं, "घट्ट धर," आणि चावी फिरवली.

गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, मारला की सेल्फच गाडी ओढतो. तो कण्हला. गाडी हातभर पुढं सरकली, थांबल्यासारखी झाली, परत हातभर सरकली, आणि इंजिन पकडलं. एकदाच झटका बसला. वाघिणीनं डोकं उचललं. कान आमच्याकडं वळले. पिल्लू शेपटी सोडून तिच्या पोटाशी शिरलं. मी गाडी तशीच माणसाच्या चालीनं जाऊ दिली, वेग वाढवला नाही की कमी केला नाही. तिच्या समोरून जाताना तिचे पिवळे डोळे माझ्यावर होते, आणि मी आयुष्यात कधी स्टिअरिंग इतकं हलकं धरलं नसेल. ती उठली नाही. आम्ही पुढं गेल्यावर तिनं डोकं खाली ठेवलं, हे पोरानं मागं वळून पाहून मला सांगितलं.

पुढचे गिअर बिनक्लचचे टाकायचे म्हणजे कानाचं काम. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, दांडा मोकळा करायचा, इंजिनाचा आवाज उतरत उतरत योग्य जागी आला की दोन बोटांनी दांडा पुढं लोटायचा. जागा बरोबर असेल तर तो लोण्यासारखा बसतो, नसेल तर दात करकरतात. एकदाही जोर लावायचा नाही. लोमध्ये वरच्या गिअरलाही गाडी फार पळत नाही, पण जंगलात पळवायची असते कुणाला?

तेलिया तळ्याच्या अलीकडे गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. थांबणं भाग होतं. उभ्या गाडीत क्लचशिवाय गिअर पडत नाही. म्हणजे इंजिन बंद करायचं, गिअर टाकायचा आणि परत सेल्फवर गाडी उचलायची. बॅटरी जुनी होती. चावी फिरवली तर सेल्फनं नुसती एक उसळी घेतली आणि गप्प. दुसऱ्यांदा तेच. मागं वनखात्याची गाडी होती, धक्का देता आला असता, पण मला रस्त्याला बारीकसा उतार दिसत होता. गिअर मोकळा केला, ब्रेक सोडला. गाडी हळूहळू गडगडायला लागली. चालीचा वेग आल्यावर चावी चालू ठेवून दांडा हलकेच तिसऱ्यात नेला. करकर झाली, गाडी अडखळली आणि इंजिन लागलं. पोरगा इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलला.

"मले शिकवा न जी हे."

"तुझ्या बापाला येतं," मी म्हटलं. "त्यांनी ही गाडी अशी एकदा चंद्रपूरपर्यंत नेली होती."

त्याला हे माहीत नव्हतं. बापानं घरी कधी सांगितलंच नव्हतं.

दिवस मावळायच्या आधी आम्ही गेटबाहेर होतो. पोराचे वडील, गाडीचे मालक, बाहेर उभे होते. मी त्यांना काका म्हणतो. आधी पोराला खांद्याला, हाताला चाचपून पाहिलं, मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मला म्हणाले, "किती झाले मिस्त्री?" मी म्हटलं, "आज नाही काका, उद्या वायर टाकू तेव्हा बघू."

रात्रीच वायर काढली. पेडलकडच्या टोकाला, जिथं ती वाकते तिथं, आतल्या तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या. तुटलेल्या तारांची टोकं गंजून काळी पडली होती, म्हणजे त्या आधीच गेलेल्या. शेवटच्या तीन-चार तारा तेवढ्या चकचकीत होत्या, त्या त्या दिवशी तुटल्या. गाडीचा सगळा क्लच कित्येक दिवस त्या तीन-चार तारांवर चालला होता. ती वायर मी फेकली नाही. गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात देतो आणि त्याच्या गाडीचं पेडल त्यालाच खाली वाकून तपासायला लावतो. तेल सुकलं असेल तर तिथंच थेंब सोडायला लावतो. बऱ्याच गाड्यांत आता सीटखाली जादा वायर असते.

जुलैपासून कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाचे, दरवाजे बंद होतात आणि गाड्या माझ्याकडे उतरतात. त्या पावसाळ्यात मी मालकांना सांगितलं, की गाडी पाठवाल तेव्हा चालवणारा पोरगाही पाठवा. गॅरेजच्या मागं मोकळी जमीन आहे, थोडी चढाची, थोडी चिखलाची. तिथं क्लचला पाय न लावता गाडी सुरू करायची, गिअर बदलायचे, थांबायचं, परत उचलायची. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातून दात करकरतात, आणि काही मालक कडेला उभे राहून गिअरबॉक्ससाठी हळहळतात. काकांचा पोरगा रोज संध्याकाळी यायचा. काका त्याच्या शेजारी बसायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि नेमक्या क्षणी म्हणायचे, "आता टाक."