आमची वाटचाल : एका धुतलेल्या मुळापासून

वसईच्या एका वाडीत काकांनी भेंडीचं झाड उपटलं, बादलीतल्या पाण्यात खळबळून माझ्या हातात दिलं. मुळं कसली, नुसती गाठींची माळ! "कितीही खत घाला, पिवळीच पडते," ते म्हणाले. चवळीच्या मुळावरची, हवेतला नत्र धरणारी उपयोगी गाठ नखाने सुटून येते. ही सुटेना, कारण मूळच सुजलेलं होतं. हे काम सूत्रकृमींचं, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणाऱ्या अतिसूक्ष्म, धाग्यासारख्या कृमींचं. ते मी तोवर फक्त कॉलेजच्या स्लाइडवर पाहिले होते.

त्यानंतर मुलुंडला गाळा घेतला. शिजवलेल्या ज्वारीवर आम्ही पर्प्युरिओसिलियम ही बुरशी वाढवतो (जुने लोक अजून पॅसिलोमायसिसच म्हणतात), मग वाळवून, चाळून टाल्कच्या पावडरमध्ये मिसळतो. सूत्रकृमीची मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि ही बुरशी त्या अंड्यांतच शिरून ती खाते. पिशवीतल्या दाण्यांवर तिची फिकट जांभळी साय धरली की आजही जीव सुखावतो.

पण मुंबईची हवा! पहिल्या पावसाळ्यात माल वाळेचना, निम्म्या पिशव्यांत हिरवी बुरशी शिरली. सगळं फेकलं, गाळ्याचं भाडं थकलं. हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर आला तेव्हा कुठे घडी बसली.

त्याहून मोठी चूक माझी स्वतःची. एका शेतकऱ्याने काकडीला आमची पावडर दिली आणि चारच दिवसांनी कार्बेन्डाझिमची आळवणी केली, म्हणजे त्याचं द्रावण मुळाशी ओतलं. ते बुरशीनाशक, आमचीही बुरशीच, ती मेली. हे मी त्यांना आधी सांगायलाच हवं होतं. मी पैसे परत केले, पण त्यांचा हंगाम मला परत देता आला नाही. आता पाकिटावर ही सूचना लाल अक्षरात असते, आणि माल निघण्याआधी आम्ही फोनही करतो.

2020 च्या अखेरीस फोरेट हे सूत्रकृमींवरही वापरलं जाणारं रासायनिक कीटकनाशक बंद झालं आणि विचारणा वाढली. "तसाच लगेच गुण येईल ना?" नाही येणार. गाठी धरलेलं पीक यातून वाचत नाही, हे मी विक्री गेली तरी सांगते. लावणीच्या पंधरा दिवस आधी पावडर कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवा, सोबत निंबोळी पेंड घाला, आणि एखाद्या हंगामात तिथे झेंडू घ्या.

परवा काका लोकलने आले, ओल्या वर्तमानपत्रात भेंडीचं मूळ गुंडाळून. पांढरी तंतुमुळं भरपूर होती, गाठी पाच-सहाच. "अजून आहेत गो," म्हणाले. यंदा पेंड थोडी वाढवायचं आमचं ठरलं.